बिशप, पोस्टमन आणि नोरा टूहीची गाडी

२९ मे, बुधवार. ओंगार, डब्लिन

सलीलनं फ्रिजवर माझ्यासाठी यादी लावली आहे : आईनं काय करू नये. ओल्या फुटपाथवर एकटीनं जाऊ नये. स्टुलावर चढू नये. अनोळखी माणसाला दार उघडू नये. असे अकरा मुद्दे. अकरावा मुद्दा, ‘भरपूर आराम करावा.’ तो ‘करू नये’च्या यादीत कसा आला, हे मी विचारलं नाही. चौतीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात मराठी आणि इतिहास शिकवला, वह्या तपासता तपासता चष्म्याचा नंबर वाढला. आता पोटच्या पोराची वही तपासायची नाही असं ठरवलंय.

मागच्या दिवाळीत मी पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून हा माझ्याशी हळू आवाजात बोलतो, जणू मी झोपलेली आहे. आता तीन महिने इथे आहे. जुलै-ऑगस्टात माझ्या नातीची, रेवाची शाळा बंद, सलील लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आणि सून स्वरूपा ऑफिसला पार चेरीवूडला. सूनबाई मोजकं बोलते. ‘आई, काही लागलं तर सांगा.’ बस. मी जायचे दिवस मोजत असणार.

६ जून, गुरुवार

चोरून ऐकणं वाईट. पण सलील त्याच्या पुण्याच्या मित्राशी, जयेशशी स्पीकरवर बोलत होता, त्याला मी काय करू? ज्येष्ठांसाठी काहीतरी संकुल आहे म्हणे, हिंजवडीच्या पुढे. डॉक्टर आत, देऊळ आत, पोळ्या आयत्या. सलील म्हणाला, “बघू. यवतमाळला एकटी राहणं तिला झेपतंय का, ते या तीन महिन्यांत कळेलच.”

म्हणजे परीक्षा सुरू आहे आणि परीक्षार्थीला सांगितलेलं नाही! मी असं कधी कुठल्या मुलाला केलं नाही. त्या रागात मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला. पडले नाही.

१३ जून, गुरुवार

स्वरूपा सकाळी टेबलावर एक पत्रक विसरून गेली. इथल्या इतिहास मंडळाचं. दर गुरुवारी अकरा वाजता, कम्युनिटी सेंटरमध्ये. इतिहास शब्द दिसला की माझे पाय थांबत नाहीत. फुटपाथ ओलाच होता.

आत आठ म्हाताऱ्या, एक म्हातारा आणि बिस्किटं. प्रमुख बाईंचं नाव डिम्फ्ना. एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मला पाहताच त्यांनी पाठ ताठ केली. माझीही आपोआप झाली. दोन जुन्या मास्तरणी एका खोलीत आल्या की असं होतंच.

ऑगस्टात यांचा मोठा कार्यक्रम आहे. डिम्फ्नाच्या पणजीची बहीण, नोरा टूही, इथल्या क्लेअर परगण्यातून अमेरिकेत गेली होती. १८७२. नेब्रास्का नावाच्या उजाड माळावर गवताच्या ढेकळांचं घर बांधून राहिली. तिची पत्रं डिम्फ्नाच्या माळ्यावर सापडली. त्या पत्रांवर बैलगाडीसकट नाट्यप्रवेश करायचा आहे.

डिम्फ्ना वाचत होत्या. माळावर लाकूड नाही म्हणून नोरा वाळलेलं शेण वेचून चूल पेटवायची. पहिले काही महिने चिमट्यानं उचलायची, मग फडक्यानं, मग नुसत्या हातानं, आणि शेवटी हात न धुता तसंच पीठ मळायची. सगळ्या बायका ‘ओ गॉड’ म्हणाल्या. मी म्हटलं, “मग? त्यात काय झालं?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, १९८२ साली माझी पहिली नेमणूक घाटंजीच्या पलीकडे शिवणीला झाली. त्या शाळेतली पहिलीच बाई मी, वय चोवीस. गोवऱ्यांवर स्वयंपाक. नोराच्या छतातून साप पडायचे म्हणून ती खाली पांढरं कापड ताणून बांधायची, तसं मीही बांधायचे. ह्यांचं जुनं धोतर. हे यवतमाळला नोकरीला, मी तिकडे, महिन्यातून दोनदा भेट.

कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, “साप पडल्याचा आवाज कसा येतो?”

“ओल्या दोरीसारखा,” मी म्हटलं.

त्यानं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. त्याचं नाव लिहितात कॅथल आणि म्हणतात काहल. मधला थ कुठे जातो, कळत नाही.

सलीलला सांगितलं, वाचनालयात गेले होते.

२० जून, गुरुवार

मला भूमिका मिळाली! नोराच्या पत्रात एका पॉनी बाईचा उल्लेख आहे. पॉनी म्हणजे त्या मुलखाचे मूळचे लोक. ती दारात येऊन बसायची, नोरा तिला पाव द्यायची. ती बाई मी. संवाद नाहीत. स्टुलावर बसायचं आणि पाव खायचा.

डिम्फ्नांचा चेहरा लालभडक झाला. “म्हणजे तुम्ही इंडियन आहात म्हणून नव्हे हं! म्हणजे, त्या अर्थानं नव्हे. म्हणजे…”

मी त्यांना पुरी दोन मिनिटं गटांगळ्या खाऊ दिल्या आणि मग गोड हसून हो म्हटलं.

निघताना त्या म्हणाल्या, “युअर मॅन बाहेर थांबलाय तुमच्यासाठी.” मी म्हटलं, माझा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली. मग भलताच गोंधळ. रेवानं घरी समजावलं की इथे कुणाही गड्याला ‘युअर मॅन’ म्हणतात. तो काहल होता. त्याच्या परसात रूबार्बचे, म्हणजे इथल्या एका आंबट भाजीचे, दांडे फार झालेत, म्हणून मला एक जुडी दिली. बिचाऱ्याला खपवायला कुणी नसेल.

२ जुलै, मंगळवार

शाळा संपली. रेवाला घेऊन काहलच्या शेतावर गेले, बसनं. तो निवृत्त बस-ड्रायव्हर, बायको जाऊन सहा वर्षं. करमत नाही म्हणून त्यानं दोन बुटके काळे बैल गाडीला शिकवलेत. नावं बिशप आणि पोस्टमन. कार्यक्रमात डिम्फ्ना, म्हणजे नोरा, गाडीत बसणार आणि काहल पुढे चालत बैल नेणार.

आज बैल हलायला तयार नव्हते. काहल त्यांना ‘वॉक ऑन’ म्हणून विनवत होता. बिशप रवंथ करत होता. माझ्यानं राहवेना. शिवणीला आमचा धुरकरी, म्हणजे गाडीवान, सोमवारी बाजारातून पिऊन यायचा आणि बंडीत आडवा व्हायचा, त्यामुळे कासरा धरायला मी पहिल्याच पावसाळ्यात शिकले होते. मी पदर खोचला, चढले, जिभेनं टक टक केलं आणि म्हटलं, “चाल रे राजा, चाल!”

चालले! अख्ख्या शेताला दोन फेऱ्या.

काहलनं टोपी काढून हातात धरली. ऊन होतं तरी. बहुतेक बैल माझं ऐकतात याचं त्याला वाईट वाटलं.

परतताना रेवाला म्हटलं, बाबांना सांगायचं, आपण वाचनालयात होतो.

“आजी, दॅट्स अ लाय.”

“नाही गं. दॅट इज रिहर्सल.”

“आयस्क्रीम,” ती म्हणाली. मुलगी मराठी बोलत नाही, पण सौदा करण्यात बापावर गेलेली नाही, माझ्यावर गेलीय.

११ जुलै, गुरुवार

नाटकात खऱ्या गोवऱ्या हव्यात, असं मी मंडळाला पटवलं. मंगळवारी काहलच्या गोठ्यात थापल्या. दहा. काहलनं एक थापून पाहिली, ती आयर्लंडच्या नकाशासारखी झाली.

पण या देशात गोवरी वाळत नाही! दर तासाला पाऊस. दोन विरघळूनच गेल्या. शेवटी आठवलं, आपल्या जिन्याशेजारी हॉट प्रेस आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, कपडे वाळवायला. जुन्या टॉवेलात गुंडाळून आठ गोवऱ्या तळाला ठेवल्या आहेत.

संध्याकाळी सलील नाक वर करून जिन्यात उभा. “स्वरूपा, ड्रेनेजचा काही प्रॉब्लेम आहे का?”

“हो, अख्ख्या वसाहतीत आहे,” ती म्हणाली. “मेल आलीय.”

काय योगायोग! देव भल्याच्या पाठीशी असतो.

१२ जुलै, शुक्रवार

हॉट प्रेसमध्ये गोवऱ्यांखाली कुणीतरी प्लास्टिकचा ट्रे सरकवून ठेवलाय. शेजारी सुगंधी डबी. स्वरूपा हल्ली कुठलीही वस्तू कुठेही विसरते. कामाचा ताण फार आहे तिला.

२५ जुलै, गुरुवार

आज डिम्फ्नांशी वाजलं.

नोराची पुढची पत्रं वाचली. पहिल्या हिवाळ्यात चार मैल चालत ती फक्त दुसऱ्या बाईचे दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायला जायची. बाई घरात नसली तरी चालायचं. कपडे दिसले की परतायची. शिवणीला मी संध्याकाळी एसटी यायची तिथे जाऊन उभी राहायचे. माझ्याकडे कुणी यायचं नव्हतं.

मग पॉनी बाईचं पत्र. नोरानं तिला नाव विचारलं नाही. दोन वर्षं ती येत राहिली. मग एका वाक्यात लिहिलंय : ‘ते सगळे दक्षिणेकडे पाठवले गेले, आता ती येत नाही, आणि नदीकाठची चांगली जमीन मोकळी झाली.’

मी म्हटलं, “मी हिची भूमिका करणार नाही.”

“पण तुम्ही हो म्हणाला होता!”

“तेव्हा पत्र पूर्ण वाचलं नव्हतं. मला हिचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. मी नुसती तिच्यासारखी सावळी आहे. स्टूल रिकामं ठेवा. त्यावर पाव ठेवा.”

“लोकांना वाटेल आपण कुणाला तरी विसरलो.”

“वाटू द्या.”

डिम्फ्ना उठल्या. म्हणाल्या, “नोरा चांगली बाई होती. उपाशी घरातून निघाली, जहाजात भाऊ गमावला, माळावर दोन मुलं पुरली. तिच्यावर ठपका ठेवायला मी मंडळ काढलेलं नाही.” मी म्हटलं, चांगलीच होती, मला आवडते ती, म्हणून तर म्हणतेय. त्या दार आपटून गेल्या. बिस्किटांवर कुणी हात टाकला नाही.

काहलनं मला बसपर्यंत सोडलं. म्हणाला, “ती येईल ताळ्यावर. आमच्या आजोळची जमीन पूर्वी जमीनदारानं काढून घेतली. त्या रिकाम्या घरात कोण कुठे बसायचं ते माझी आजी आम्हाला बोट दाखवून सांगायची.” मग बराच वेळ आम्ही बसची वाट बघत उभे होतो. बस दोनदा येऊन गेली बहुतेक. माझं लक्ष नव्हतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

डिम्फ्ना माझ्याशी फक्त बैलांविषयी बोलतात.

आज थोडक्यात वाचले. बैलांना वर्दळीची सवय व्हावी म्हणून मी गाडी शेताबाहेरच्या रस्त्यावर काढली होती. मागून सात-आठ गाड्यांची रांग, त्यात एक निळी, आपल्या गाडीसारखी. रात्री जेवताना सलील म्हणाला, “आज लिक्सलिपच्या अलीकडे एक बाई बैलगाडी हाकत होती. साडीत! मागून अगदी आईसारखी.”

रेवाचा घास घशात अडकला. स्वरूपा वरण वाढत म्हणाली, “डोळे तपासून घे. स्क्रीन किती बघतोस तू.”

तो खरंच उद्याची वेळ घेतोय. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

काहल आज गोठ्यात टाय लावून आला होता. इथे मयतीला टाय लावतात, म्हणून विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, कुणीच नाही. बरं झालं म्हटलं. रेवा एवढं हसली की खाली बसली. या मुलांना कशाचं हसू येईल, सांगता येत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

बोटं दुखताहेत, तरी लिहिते.

मैदानात दोनशे तरी माणसं. मी नेहमीची सुती साडी, वर कासोटा मारलेला, डोक्याला डिम्फ्नांनी सर्वांना दिलेलं झालरीचं बॉनेट. माझं काम ठरलं होतं : गोवऱ्यांची चूल पेटवायची. सलीलची कारखान्यात रविवारची पाळी असणार म्हणून मी निर्धास्त. तर समोर दुसऱ्या रांगेत सलील! शेजारी स्वरूपा, हातात छत्री. नेमकं आजच तिला त्याला घेऊन इकडे फिरायला यायचं सुचावं! मी बॉनेट नाकापर्यंत ओढलं.

गाडी आली. डिम्फ्ना ताठ बसलेल्या, काहल पुढे. आणि लाऊडस्पीकर किंचाळला. असा किंचाळला की माझ्याच कानात दडे बसले. बिशप उधळला, पोस्टमन त्याच्यामागे. काहल चिखलात उताणा. डिम्फ्नांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि गाडी थेट चहाच्या तंबूकडे. तिथे मुलं रांगेत होती.

मी पळाले. अकरा मुद्द्यांपैकी एकही तेव्हा आठवला नाही. समोरून नाही जायचं, बाजूनं जायचं, हे पायांना माहीत होतं. जू धरलं आणि ओरडले, “हो! हो रे बिशप! हो राजा! अरे गाढवा, कुठं चाललास?” बैलाला गाढव म्हटलेलं खपत नाही, कुठल्याही देशात. तंबूपासून चार हातांवर तो थांबला. मी त्याची मान खाजवत राहिले. मग जुवाला टेकून उभी राहिले, बैलाला वाटावं मी मायेनं टेकलेय.

डिम्फ्ना पांढऱ्याफटक. म्हणाल्या, “वर या. मी एकटी नाही बसणार.”

मग मी कासरा हातात घेतला आणि आम्ही दोघींनी मैदानाला फेरी मारली. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या रांगेसमोरून जाताना मी सरळ बघितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सलीलचं तोंड उघडं होतं. रेवा बाकावर उभी राहून ओरडली, “ती माझी आजी आहे! माझी!” मराठीत. एवढी मराठी तिला येते, हे मला माहीतच नव्हतं.

चूल पेटली. धूर आपल्यासारखाच. डिम्फ्ना पत्र वाचायला उभ्या राहिल्या. मध्ये त्यांनी टेबलाखालून स्टूल ओढलं, स्वतः त्यावर पाव ठेवला आणि शेवटचं वाक्य वाचून तशाच थांबल्या. एक लहान मुलगा आईला विचारत होता, ती बाई कधी येणार?

डिम्फ्ना मागे येऊन म्हणाल्या, “नोरा रागावेल माझ्यावर.” मी म्हटलं, दोन दिवस रागावेल. मग त्यांनी मला मिठी मारली. कडक इस्त्रीच्या कपड्याला मिठी मारल्यासारखं वाटलं, पण मारली.

१९ ऑगस्ट, सोमवार

सलीलनं रजा काढली. शेवटी चहा घेऊन समोर बसला.

“किती दिवस चाललंय हे?”

“जूनपासून.”

“आणि मी डोळे तपासून आलो!”

“नंबर निघाला का?”

“पाव निघाला.”

“मग फुकट नाही गेलं.”

तो हसला नाही. म्हणाला, “आई, बाबा गेले तेव्हा मी इथे होतो. विमानात होतो. तू पडलीस तेव्हाही मी इथे. फोन वाजला की मी आधी यवतमाळचा नंबर आहे का बघतो. तुला कळत नाही ते.”

मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटायचं त्याला माझं ओझं झालंय. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टक्कल पडायला लागलंय.

“त्या संकुलात बैल आहेत का?” मी विचारलं.

तो दचकला. “तुला कुणी सांगितलं?”

“स्पीकर बंद करून बोलत जा.”

मग ठरलं. मी यवतमाळलाच राहणार. पायऱ्यांना कठडा बसवणार आणि रोज सकाळी आठला फोन करणार. तो जयेशला ‘नको’ म्हणून कळवेल. मग स्वरूपा आली आणि फ्रिजवरची यादी काढून कचऱ्यात टाकली. सलील म्हणाला, “तुला सगळं ठाऊक होतं?” ती म्हणाली, “मला एवढंच ठाऊक होतं की आमच्या हॉट प्रेसमध्ये आठ गोवऱ्या आहेत.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ते पत्रक, तो ट्रे, ती मेल! आणि मी शहाणी, चौतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या म्हणून मिरवते.

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्हाला मजा येत होती ना, आई.”

२३ ऑगस्ट, शुक्रवार. विमानतळ

काहल निरोपाला आला होता, स्वच्छ दाढी करून. हातात हात घेतला आणि सोडायचं विसरला. रेवानं घोषणा ऐकू येत असूनही घड्याळाकडे बघायचं टाळलं, स्वरूपा सलीलला कॉफी घ्यायला ओढून घेऊन गेली. काहल म्हणाला, “बैल तुमची वाट बघतील.” मी म्हटलं, “बैलांना माझा नमस्कार सांगा.” वेगळं काहीतरी म्हणायला हवं होतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार. यवतमाळ

सकाळी आठचा फोन. सलील घसा खाकरत म्हणाला, “आई, काहलनं विचारलंय. डिसेंबरात भारतात येऊ का म्हणून. त्याला विदर्भातले बैल बघायचेत.”

“येऊ दे की.”

“राहील लॉजवर.”

“लॉजवर कशाला? पुढची खोली आहे. पडदे तेवढे धुवायला टाकते.”

मागून स्वरूपाचा आवाज आला, “आई, बैल बघायला पडदे कशाला?” आणि रेवाचं खिदळणं. सलीलनं विचारलं, “लोक काय म्हणतील तिकडे?” मी म्हटलं, “म्हणतील, बाईंकडे पाहुणा आलाय.” तो म्हणाला, “ग्रँड.” हा इथला पोरगा, आता आनंदही आयरिश शब्दात सांगतो.

फोन ठेवून मी खुर्चीत बसले. तीन महिन्यांची ही वही पुन्हा चाळली. तो टाय, त्या चुकलेल्या बसेस, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. एखाद्या विद्यार्थिनीनं अशी वही दिली असती तर मी लाल शाईनं समासात लिहिलं असतं, ‘आशय लक्षात आलेला नाही.’ किंवा लक्षात आला होता आणि बाई उत्तर लिहायचं टाळत होत्या.

दुपारी शिवणीला हरीशला फोन केला. माझ्या पहिल्या वर्गातला विद्यार्थी, आता नातू खेळवतो. त्याची खिल्लारी जोडी जिल्ह्यात पहिली येते.

“डिसेंबरात तुझे बैल बघायला पाहुणे आणते.”

“या नं बाई. कोन हायेत?”

“आयर्लंडचे आहेत. माझे मित्र.”

शब्द तोंडातून निसटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण बाईंसमोर अजून चौथीतलाच. मी ऐकत होते, त्याच्या अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं.

मग हरीश हळूच म्हणाला, “पोळा तं होऊन गेला, बाई. पन शिंगं पुन्हा रंगवून ठेवतो.”